एकोणिसावं कलम

हाइडेनबाख, २४ जुलै १६३२

साबिने,

त्या सकाळी ओढ्याकाठच्या कुरणावर आपण दोघी तागाच्या कापडाची ठाणं पसरत होतो. मी कोपऱ्यांवर दगड ठेवत होते, तू झारीने पाणी शिंपडत होतीस. कापड उन्हात पांढरं व्हायचं तर ते दिवसभर ओलं राहायला हवं, एवढंच तेव्हा आपल्या डोक्यात. आई घरी साबणासाठी राख चाळत होती. तुझ्या पायांत काही नव्हतं, वेणी सुटली होती, आणि कंबर मोडली म्हणून तू कुरकुरत होतीस. मग टेकडीवरून ढोल ऐकू आला. तू झारी खाली ठेवलीस. "आलेच," म्हणालीस. दुपारपर्यंत तुझं लग्न झालेलं होतं.

पुढचं लिहीत नाही. शपथ आहे, आणि हे पत्र तुला पाद्रीबुवा वाचून दाखवणार. पाद्रीबुवा, एक विनंती. मधल्या ओळी गाळू नका. माझी बहीण वाचायला शिकली नाही, पण गाळलेलं तिला कळतं.

सात वर्षांनी लिहिते आहे. माझ्या नवऱ्याच्या, एंड्रेसच्या दफनाला तू आलीस आणि मी दार उघडलं नाही. तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं, त्यामुळे क्षमा मागण्यासाठी हे पत्र नाही. माझ्या लेकाला, लिएनहार्टला फाशीची शिक्षा झाली आहे. ४ ऑगस्टला, टेकडीवर.

तो तुझ्या नवऱ्याच्याच सैन्यात आहे हे तुला ठाऊक नसेल. एंड्रेस गेल्यावर आमचा कापडाचा धंदा बसला. गावात पाव मिळायचा तो फक्त शिपायाला. दोन वर्षांपूर्वी त्याने नाव नोंदवलं, आणि मी त्याला बजावलं होतं की मार्शल योस्ट आपला कोण लागतो हे मेलास तरी तोंडातून काढायचं नाही. त्याने ते शब्दशः पाळलं. चौकशीत अर्धा तास उभा होता, एकदाही बोलला नाही.

गुन्हा असा. शत्रूचे स्वार आसपास फिरतात म्हणून कर्नलचा हुकूम होता, परवलीच्या शब्दाशिवाय कुठलाही दरवाजा उघडायचा नाही. भिंतीबाहेर जव पिकून उभा होता, दाणे झडायला लागले होते. गिरणी-दरवाजावर पहाटेच्या पहाऱ्याला लिएनहार्ट होता. गावातल्या अकरा बायका विळे घेऊन आल्या, त्यांनी विनवलं, त्याने दाराचा अडणा काढला. त्या गेल्या, कापून परत आल्या. शत्रू आला नाही, कुणाचा केसही वाकडा झाला नाही. एका नाईकाने पेंढ्या पाहिल्या आणि वर कळवलं.

तू योस्टशी बोल. त्याच्या एका ओळीने काम होईल. टोबियास गाडीवान पत्र घेऊन निघतो आहे, उत्तरासाठी थांबेल.

आपोलोनिया


२८ जुलै

साबिने,

उत्तर आलं. चांगला जाड कागद, लाखेची मोहोर. "बाईसाहेबांची प्रकृती ठीक नाही. पलटणीच्या न्यायसभेने दिलेल्या निकालात मार्शलसाहेब हात घालत नाहीत." अक्षर कारकुनाचं. तुझा एक शब्द त्यात नाही.

माझं पत्र तुला वाचून दाखवलं की नाही, कुणास ठाऊक. वाचलं नसेल तर हे तरी कुणीतरी वाचेल, आणि ज्याच्या कानावर जायचं त्याच्या कानावर जाईल. म्हणून आता शपथ मोडते. कप्तान झाल्यावर योस्टने ती आपल्या दोघींकडून घेतली, बायबलवर हात ठेवून. देवाला मी उत्तर देईन.

सव्वीस वर्षांपूर्वी टेकडीवर योस्ट रेम शिडीवर उभा होता, गळ्यात दोर. पहाऱ्यावर झोपला म्हणून. तेवीस वर्षांचा. आपल्याकडे जुनी चाल आहे, कुमारिकेने अनवाणी, केस मोकळे सोडून येऊन "हा मला नवरा म्हणून द्या" असं मोठ्याने मागितलं आणि त्याने हो म्हटलं, तर फास काढायचा आणि तिथून सरळ चर्चमध्ये जायचं. म्हाताऱ्यांनी सांगितलेली गोष्ट, आपण कधी पाहिली नव्हती. तू गेलीस. तुझा झगा गुडघ्यापर्यंत ओला होता. मी मागून धावत आले, तोवर तू त्याला मागितलंही होतंस.

आणि त्याने दोर गळ्यात असताना विचारलं, "हिला स्वयंपाक येतो का?"

सगळं मैदान हसलं. तू म्हणालीस, "येत नाही. पण तुला आता काय, निवड करायची आहे?"

त्यावर जल्लादसुद्धा हसला. पलटणीच्या लोहाराने लगामाची कडी अंगठी म्हणून दिली. ती तुझ्या बोटाला दोनदा फिरली असती, एवढी मोठी. तू का गेलीस, असं मी त्या रात्री विचारलं तेव्हा म्हणालीस, "तो थरथरत होता, ताई, आणि सगळे दुसरीकडे बघत होते." त्याच्याशी तू त्याआधी एक शब्द बोलली नव्हतीस.

मग तो चढत गेला. झोपेने जीव जाणार होता म्हणून पुन्हा झोप घेतलीच नाही, असं शिपाई म्हणायचे. रोज रात्री स्वतः पहारे तपासत फिरायचा. तिसऱ्या वर्षी नाईक. फुटलेल्या भिंतीवर पहिला चढला म्हणून कप्तान. कर्नल झाला तो मात्र लढून नाही. भर हिवाळ्यात नदी गोठलेली असताना त्याने चार हजार माणसांना रोज पाव पोचवला. दुसऱ्यांच्या पलटणी पळून जात होत्या, त्याचा एकही माणूस गळला नाही. हे मी त्याच्या बाजूने लिहिते, कारण खरं आहे. पुढे तोफखाना, पुढे सैन्याचा अर्धा भाग, पुढे सम्राटाने दिलेला किल्ला. साध्या रेमचा, सरदारी थाटात, फॉन रेमेनश्टाइन झाला. दरवेळी तुम्ही आमच्याकडे यायचात, आधी महिना, मग आठवडा, मग घोडे न सोडता. एंड्रेस म्हणायचा, "नाव लांब झालं की पाहुण्याचा मुक्काम आखूड होतो."

त्याच योस्टच्या माणसांनी गावाने धान्य लपवलं म्हणून एंड्रेसला ओलीस धरला आणि जानेवारीत मनोऱ्यात ठेवला. नवव्या दिवशी मला तो परत दिला, तेव्हा त्याच्या दाढीत बर्फ होता. योस्ट तेव्हा इथे नव्हता, त्याला ठाऊकही नसेल. तू निरोप पाठवलास, "युद्ध आहे, ताई."

आणि एक गोष्ट. मी वाचायला कशी शिकले तुला माहीत आहे, गिऱ्हाइकांच्या कापडांच्या कोपऱ्यात शिवलेली अक्षरं बघून, मग स्तोत्रांच्या पुस्तकावरून. पाच वर्षांपूर्वी योस्टने आपल्या सैन्याची बेचाळीस कलमं छापून प्रत्येक गावाच्या कचेरीच्या दारावर लावली. गावातल्या बायकांपैकी ती मी एकटीने वाचली. एकोणिसावं असं: "शिक्षा झालेल्यास मागण्यास स्त्री पुढे आल्यास तिचे ऐकू नये. ती गर्दीतून निघताच ढोल वाजवावेत, म्हणजे तिचे बोलणे कोणास ऐकू येणार नाही. तिला काठीने परतवावे."

मी दारापाशी उभी राहून हसले. शेजारीण म्हणाली, "काय गं, एवढं काय विनोदी लिहिलंय?" मी म्हटलं, काही नाही.

आपोलोनिया


३१ जुलै

साबिने,

काल मनोऱ्यात गेले होते. तुरुंगाचा जमादार कुंझ म्हणून आहे, पोट पुढे, गुडघे दुखरे, पण मनाने वाईट नाही. मी कांद्याची पोळी नेली होती. त्याने तिचा वास घेतला आणि म्हणाला, "बाई, आत दोर-बीर असेल तर आधीच सांगा. अर्धी मी खाणार आहे, माझे दात कमकुवत आहेत."

लिएनहार्ट हसला. बारीक झाला आहे. मी त्याचा सदरा बदलला, जसा लहानपणी बदलायचे तसा, आणि त्यानेही हात वर केले.

"आई, त्या बायकांना काही केलं नाही ना?"

"नाही."

"मग ठीक. जव किती निघाला?"

"नऊ पोती."

"बरा निघाला की."

कुंझ खिडकीकडे तोंड करून पोळी खात होता.

परत येताना मनोऱ्याच्या दारात ओटिलिया उभी होती. तुला ती आठवणार नाही, तू गेलीस तेव्हा तीन वर्षांची होती, शिंप्याची थोरली. एकोणतीस वर्षांची आहे, एका पायाने लंगडते, तोंडाने तिखट, आणि म्हणूनच अजून घरात आहे असं लोक म्हणतात. त्या अकरा जणींतली एक.

"काकू, मी मागते त्याला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुमच्या लेकाला मी आवडत नाही, माहीत आहे मला. पकडला जायच्या आधीच मला बघून रस्ता बदलला होता त्याने. पण फासही काही त्याला फार आवडत नसेल."

मी कलम सांगितलं. ढोलाचं, काठीचं. ती म्हणाली, "ढोल वाजवतील तर मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडेन. माझं तोंड केवढं आहे हे गावाला माहीत आहे." मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्याने दरवाजा उघडला तेव्हा मी सगळ्यांत मागे होते. लंगडते ना. परत येताना तो माझ्यासाठी थांबला होता. बंद करून मोकळा झाला असता तर नाईकाच्या नजरेस पडला नसता."

कुंझला विचारलं. तो म्हणाला, "बाई, माझ्या आजोबांच्या हातून असा एक सुटलाय. मला कोण नाही म्हणतंय? पण कलम मार्शलचं आहे. मार्शलच्या हातची चिठ्ठी आणा, मी स्वतः फास काढतो आणि लग्नात नाचतो. गुडघे असे असले तरी."

म्हणजे आता शिक्षा रद्द व्हायचीही गरज नाही. न्यायसभेचा निकाल राहू दे. फक्त एकोणिसावं कलम एका सकाळपुरतं उचलायचं. एवढंच.

हे लिहून संपवत होते तोच टोबियास आला. या वेळी त्याच्या हातात कागद नव्हता. म्हणाला, बाईसाहेबांनी मागच्या अंगणात बोलावून तोंडी निरोप दिला, तीनदा म्हणून घेतला. तुझे शब्द त्याने तुझ्याच आवाजात सांगितले. "ताईला सांग, सगळं ऐकलंय. सव्वीस वर्षांत मी त्याच्याकडे एकही गोष्ट मागितलेली नाही. काहीही मागितलं की त्याला ती पहिली गोष्ट आठवेल, आणि ती आठवून दिल्याबद्दल तो मला कधी क्षमा करणार नाही."

साबिने, मग न करू दे क्षमा. तुझ्याकडे आयुष्य पडलंय त्याने क्षमा करण्यासाठी. माझ्याकडे चार दिवस आहेत.

आपोलोनिया


२ ऑगस्ट

साबिने,

योस्ट आला होता. आज सकाळी, माझ्या घरी.

आधी दोन स्वार आले, मग पालखीसारखी खुर्ची. पाय सुजलेत त्याचे, जोडा घालता येत नाही. मी पीठ मळत होते. त्याने सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि एंड्रेसच्या बाकावर बसला. त्याला ते माहीत नव्हतं. मी उठ म्हटलं नाही.

"साबिनाने पाठवलं?" मी विचारलं.

"ती काही मागत नाही. तीन दिवस जेवली नाहीये."

म्हणजे तू तुझ्या परीने मागितलंस. मागच्या पत्रात शेवटी क्षमेबद्दल जे लिहिलं ते मी परत घेते.

मी हात पुसले नाहीत, पिठाच्या हातांनीच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कलम एका सकाळपुरतं. तो ऐकत होता. ऐकून घेण्याची त्याची सवय चांगली आहे, मध्ये बोलत नाही.

मग म्हणाला, "नदीपलीकडे एका गावात गवताच्या गाड्यांसाठी असाच दरवाजा उघडला होता. गाड्यांच्या मागून स्वार शिरले. चारशे माणसं. त्या पहारेकऱ्याचाही हेतू चांगलाच होता, आपोलोनिया."

"इथे कुणी शिरलं नाही."

"ते नशीब. दरवाजा उघडताना ते त्याच्या हातात नव्हतं."

आणि आता तुला जे लिहिलं नाही ते लिहिते. बायकांनी विनवलं, असं मी लिहिलं होतं. बाकीच्या दहा जणी मागे उभ्या होत्या, त्यांच्यात धीर नव्हता. पुढे होऊन दरवाजावर थाप मारली ती मी. "लिएनहार्ट, मी आहे, उघड." तो म्हणाला, "आई, हुकूम नाही." मी म्हटलं, "तुझ्या बापाला ज्यांनी थंडीत मारलं त्यांच्या हुकमासाठी आम्ही उपाशी मरायचं का?" तेव्हा त्याने अडणा काढला. चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे जाऊन सांगितलं नाही, कारण वाटलं, मी बाहेर असले तर तुला लिहू तरी शकेन.

हे मी योस्टला सांगितलं.

"मग खरं तर त्याच्या जागी तू असायला हवीस," तो म्हणाला. "पण पहारा तुझा नव्हता."

"योस्ट, तुला एका मुलीने मागून घेतलं होतं."

"रोज आठवतं मला ते."

"मग ते कलम कसं लिहिलंस? लाज वाटली म्हणून?"

"आधी लाजच. प्रत्येक नव्या माणसाकडे बघताना वाटायचं, याला माहीत असेल का." त्याने सुजलेला पाय उचलून दुसऱ्या बाकावर ठेवला. "पण कलम त्यासाठी नाही लिहिलं. त्या दिवशी शिडीपाशी आम्ही तिघं होतो. तिघंही त्याच पहाऱ्यावर, तिघंही झोपलेले. माझी पाळी तिसरी होती. साबिना मला घेऊन चर्चकडे गेली तेव्हा ते दोघं माझ्या डोक्यावर लटकत होते. एकाचं नाव ब्लासिउस. त्याची आई होती घरी, तुझ्यासारखी. त्यांना कुणी मागितलं नाही. ज्याला मुलगी भेटली तो जगला, ज्याला नाही भेटली तो मेला. याला तू न्याय म्हणतेस?"

साबिने, मला ते दोघं आठवत नाहीत. दुपारभर मी प्रयत्न केला. तुझा ओला झगा आठवतो, ती कडी आठवते, लोकांचं हसणं आठवतं. त्यांच्या पायाखालून आपण हसत गेलो असणार. तुला आठवतात का ते?

पण त्या वेळी मी त्याला एवढंच म्हटलं, "मग तिघांनाही सोडायला हवं होतं, योस्ट. आणि तू शिकलास काय, तर चौथ्यालाही सोडायचं नाही."

बाहेर खुर्ची उचलणारे आपापसात काहीतरी कुजबुजत हसत होते. जाताना योस्ट दारात थांबून म्हणाला, "बाकीच्यांना खांबावरच ठेवतात. त्याला त्याच दिवशी खाली उतरवून चर्चच्या आवारात पुरायची परवानगी देतो. बापाशेजारी."

मी ती नाकारली नाही. नाकारायला हवी होती असं तुला वाटेल. पण मी धन्यवादही दिले नाहीत.

पीठ वाळून गेलं होतं. पुन्हा पाणी घालून मळलं.

आपोलोनिया


६ ऑगस्ट

साबिने,

झालं ते लिहिते. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंस तर त्यात भर घातलेली असेल.

चार तारखेला सकाळी ऊन होतं. पलटण तीन बाजूंनी उभी केली होती, चौथ्या बाजूला आम्ही. सहा ढोल. कर्नल घोड्यावर, हातात कागद. योस्ट नव्हता, तो आदल्या दिवशीच पुढे निघून गेला होता. कुंझने लिएनहार्टला हाताला धरून आणलं. तो मी बदललेल्याच सदऱ्यात होता.

मी ओटिलियाला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, नको येऊस. चिठ्ठी नाही, काठ्या खाशील आणि हाती काही लागणार नाही. ती म्हणाली, "बरं." आणि आली. अनवाणी, केस मोकळे, शिंप्याच्या घरातल्या सगळ्यांत पांढऱ्या झग्यात. गर्दीतून ती दोन पावलं निघाली न निघाली तोच ढोल सुरू झाले. सहा ढोल एकदम वाजले की छातीत काही उरत नाही. ती ओरडत होती. तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, तोंड उघडं दिसत होतं, आवाज काही नाही. गावात तिच्या तोंडाला सगळे घाबरतात, आणि ती मैदानाच्या मधोमध मुक्यासारखी उभी होती. लंगडत लंगडत पुढे येत राहिली. दोन शिपाई काठ्या घेऊन तिच्याकडे धावले.

सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून मला कुणी पाहिलं नाही. मी कडेकडेने शिडीपाशी पोचले. लिएनहार्ट तिसऱ्या पायरीवर होता, माझं डोकं त्याच्या गुडघ्याशी. कुंझने मला पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

मी ठरवलं होतं, सगळ्या पलटणीला सांगायचं. तुमचा मार्शल याच खांबाखाली थरथरत उभा होता, आणि कापड धुणाऱ्या एका पोरीने त्याला मागून घेतलं म्हणून आज तुम्हाला मार्शल आहे. रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण त्या ढोलांत कुणाला सांगणार? मी लिएनहार्टलाच सांगितलं. त्याने कान खाली आणला. मी ओरडले नाही, कानाशी बोलले. त्याला हे काहीच माहीत नव्हतं, साबिने. शपथ आपण पक्की पाळली होती. मी त्याला टेकडी सांगितली, ओला झगा सांगितला, आणि योस्टने काय विचारलं, तू काय उत्तर दिलंस, तेही सांगितलं.

तो हसला. खरंच हसला. "मावशीने?" असं म्हणाला, ओठांवरून कळलं. मग त्याने मान वर करून ओटिलियाकडे पाहिलं. तिला तोवर जमिनीवर पाडलं होतं, पण ती मान उचलून त्याच्याकडेच बघत होती. त्याने मान हलवली. हो म्हणून. एकदा नाही, तीनदा, हळूहळू, लांबून दिसावी अशी. तिने पाहिली. जल्लादाने पाहिली, कुंझने पाहिली, मी पाहिली.

त्यानंतरचं लिहीत नाही.

योस्टने दिलेला शब्द पाळला. दुपारी लिएनहार्टला एंड्रेसशेजारी ठेवलं. अकराही घरांतली माणसं आली होती. ओटिलिया नव्हती, तिला बारा काठ्या बसल्या होत्या आणि ती उठू शकत नव्हती.

संध्याकाळी मी पाद्रीबुवांकडे गेले. आमच्या इथल्या. विचारलं, चालीप्रमाणे तिने मागितलं आणि त्याने हो म्हटलं, तर ते लग्न धरायचं की नाही? ते म्हणाले, "बाई, तिचं मागणं कुणी ऐकलं?" मी म्हटलं, त्याने. ते म्हणाले, चर्चच्या वहीत तसं लिहिता येत नाही. म्हातारे आहेत, मलाच धीर देत राहिले. मी वाद घातला नाही.

तुझ्याकडे आता काही मागणं नाही. तू जेवायला लाग. तुला यावंसं वाटलं तर ये, दार उघडेन. योस्टला सांग किंवा सांगू नकोस, तुझी मर्जी. त्याच्या आधी फासावर गेलेल्या त्या दोघांपैकी दुसऱ्याचं नाव काय होतं, एवढं मात्र त्याला विचारून कळव.

काल, पाच तारखेला सकाळी, मी शिंप्याच्या घरी गेले. ओटिलिया पालथी झोपली होती. तिचा बाप दारात आडवा आला, म्हणाला, "आता आणखी काय हवंय तुम्हाला तिच्याकडून? लग्न नाही, कार्य नाही, गावभर तमाशा झाला. ही तुमची कोण?"

"सून," मी म्हटलं.

मी तिची पेटी हातगाडीवर ठेवली, तिला उठवून शेजारी बसवलं आणि घरी घेऊन आले.

आपोलोनिया